खांद्याचं दुखणं अंगावर काढू नका

दिवाळी आठ दिवसांवर आली की आपल्या अंगात वारं संचारतं. जळमटं, डबे, पडदे, भांडी, सगळं त्याच आठवड्यात व्हायला हवं असतं. मागल्या दिवाळीच्या आधी मीही अशीच स्टुलावर चढले. माळ्यावरचं मोठं पितळी पातेलं काढायचं होतं. सकाळी निघताना ह्यांनी बजावलं होतं, "संध्याकाळी मी काढून देतो, तू चढू नकोस." पण संध्याकाळपर्यंत थांबेल ती गृहिणी कसली! पातेलं कडेपर्यंत ओढलं, ते एकदम हातात आलं आणि त्या ओझ्याने उजव्या हाताला जोरात हिसका बसला. पातेलं वाचलं, खांदा मात्र गेला.

त्या दिवशी फारसं काही जाणवलं नाही. चकल्या पाडल्या, फराळ झाला, भाऊबीज झाली. मग रात्री उजव्या कुशीवर वळलं की दंडाच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ यायची की झोप उडायची. वेणी घालताना हात वर जाईना, ब्लाउजचे हूक लावताना डोळ्यांत पाणी यायचं, दोरीवर चादर टाकायची तर डाव्या हाताने. घरात मात्र कुणाला कळू दिलं नाही. का? तर "सांगितलं होतं ना!" हे ऐकायचं नव्हतं म्हणून. तुम्हीही असं करत असालच.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. फळ्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात तारीख आणि वार लिहायची माझी सवय. हात वर जाईना तशी तारीख हळूहळू खाली घसरत गेली. एके दिवशी पाचवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, हल्ली तुम्ही तारीख मधेच का लिहिता? आम्हाला वाटतं धड्याचं नाव आहे." सगळा वर्ग हसला, मीही हसले. पण त्या संध्याकाळी घरी खरं काय ते सांगून टाकलं. तोवर अडीच महिने उलटले होते.

मग सुरू झाला सल्ल्यांचा पाऊस. सासूबाईंनी कोमट तेल चोळलं, त्याने निदान झोप तरी लागली. शेजारणीने मलम दिलं. पुढे कुणाच्या तरी सांगण्यावरून एका हाड बसवणाऱ्याकडे गेले. त्याने "शीर चढली आहे" म्हणत हात धरून असा खेचला की पुढचे चार दिवस मला कपही उचलता येईना. तेव्हा कुठे डॉक्टरांची पायरी चढले. हे सगळं लिहिते आहे ते एवढ्यासाठी की माझा क्रम बरोबर उलटा होता. तुमचा तसा होऊ नये.

आता खांदा म्हणजे काय ते थोडं समजून घेऊ. खांद्याच्या सांध्याची खोबण अगदी उथळ असते, बशीवर लिंबू ठेवावं तशी. म्हणूनच हात चहूकडे फिरतो. हे लिंबू जागेवर धरून ठेवतात ते चार स्नायू. त्यांची टोकं दोरीसारखी चिवट होऊन दंडाच्या हाडाला चिकटलेली असतात. डॉक्टर त्यांना टेंडन म्हणतात, मराठीत कंडरा. या चौघांच्या वेढ्याला 'रोटेटर कफ' असं नाव आहे. सर्वांत वरची कंडरा खांद्याच्या हाडाच्या छपराखालून जाते, आणि बहुतेक वेळा दुखावते ती हीच. कधी हिसक्याने, कधी वयाने झिजून, तर कधी हात वर करून तेच ते काम वर्षानुवर्षं केल्याने.

हे शेवटचं कारण वाचलं आणि मला आमचा सगळा तालुकाच डोळ्यांपुढे आला. शहापूरहून मुरबाडच्या वाटेवर भातसा नदीकाठी आमचं सापगाव. ही भातसा नदी आणि तालुक्यातलंच तानसा धरण मुंबईची तहान भागवतात. पण उन्हाळा लागला की आमच्याच डोंगरपाड्यांवरच्या बायका डोक्यावर दोन दोन हंडे आणि ते सावरायला वर धरलेला एक हात, अशा मैलभर चालतात. पावसाळ्यात लावणी, दिवाळीच्या सुमारास भाताची झोडणी. पेंढी डोक्यावरून उचलायची आणि आपटायची, दिवसभर. त्यांच्या खांद्यांची विचारपूस कोण करतं? शहरातल्या मैत्रिणींचे हंडे गेले, पण ओट्यावरची उंच फडताळं, छताजवळची कपड्यांची दोरी आणि लोकलमधली वरची कडी आहेतच की!

डॉक्टरांनी आधी काहीच लिहून दिलं नाही. हात वर करायला लावला, कोपर अंगाशी धरून बाहेर ढकलायला सांगितलं, मागे पाठीशी न्यायला सांगितला. मग म्हणाले, "दुखतं म्हणून हात वर जात नाही, की जोरच नाही म्हणून जात नाही? सगळं ह्यावर आहे." मैत्रिणींनो, हा प्रश्न कागदावर लिहून ठेवा.

दुखतं, पण दुखत दुखत का होईना हात वर जातो, तर बहुतेक वेळा कंडरा सुजलेली किंवा थोडीशी फाटलेली असते. तिला वेळ आणि व्यायाम हवा. पण पडल्यावर किंवा हिसका बसल्यावर हात एकाएकी लुळा पडला, दुसऱ्या हाताने उचलून धरला तर वर जातो आणि सोडला की खाली पडतो, तर कंडरा पुरती तुटलेली असू शकते. अशा वेळी दोन-तीन आठवड्यांच्या आत अस्थितज्ज्ञांना दाखवायलाच हवं. आमच्या नात्यातल्या एक मावशी बांधावरून घसरून पडल्या. हात उचलेना, तरी "होईल बरं" म्हणत त्यांनी वर्ष काढलं. डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा तुटलेलं टोक आत ओढलं गेलं होतं आणि स्नायू सुकला होता. आता टाके घालून फारसा उपयोग नाही असं सांगण्यात आलं. आज त्या डाव्या हाताने जेवतात. त्यांना पाहिलं की माझे अडीच महिने मला टोचतात.

तिसरा प्रकार आखडलेल्या खांद्याचा, म्हणजे फ्रोझन शोल्डर. त्यात दुसऱ्याने हात उचलला तरी तो वर जात नाही. मधुमेह असलेल्यांना हा जास्त होतो, तेव्हा साखर तपासून घ्या. आणि एक धोक्याची सूचना: खांदा किंवा डावा हात दुखतो आहे, सोबत छातीत दडपण, घाम, धाप आहे, तर तो खांदा नव्हे, हृदय असू शकतं. तिथे तेल-मलम करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. खांदा लाल, गरम झाला आणि ताप आला तरीही थांबू नका.

माझ्या सोनोग्राफीत कंडरा अर्धवट फाटलेली दिसली. 'फाटली' हा शब्द ऐकून माझे हातपाय गळाले. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. साठीनंतर कितीतरी लोकांच्या कंडरा अशा फाटलेल्या असतात आणि त्यांना कळतही नाही. आपण फोटोवर नाही, तुमच्यावर उपचार करतो आहोत." एमआरआय लगेच करायला हवा असंही नसतं. शस्त्रक्रियेचा विचार असेल किंवा निदान अडलं असेल तरच तो उपयोगी.

उपचारांचे पर्याय मग आम्ही दोघांनी बसून वहीत मांडले. तेच तुमच्यापुढे ठेवते.

पहिला, वेदनाशामक गोळ्या. थोडे दिवस, डॉक्टरांना विचारून. औषधाच्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेऊ नयेत. पित्त, रक्तदाब, मूत्रपिंड, सगळ्यांवर त्याचा भार पडतो.

दुसरा, स्टेरॉइडचं इंजेक्शन. रात्रीची झोपच लागत नसेल, व्यायामही करवत नसेल, तर त्याने काही आठवडे आराम पडतो. पण तो आराम व्यायामाला लागण्यासाठी वापरायचा, माळा आवरायला नव्हे! पुन्हा पुन्हा घेतलं तर कंडरा कमजोर होण्याची भीती असते, आणि मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते.

तिसरा, शस्त्रक्रिया. "सचिननेही केली होती की," असं मला चार जणांनी ऐकवलं. खरं आहे, २००५ साली त्याच्या कोपराची आणि २००६ साली खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि तो २०१३ पर्यंत खेळला. पण त्याचं काम वेगळं, आपलं वेगळं. पुरती तुटलेली कंडरा शिवणं ही एक गोष्ट. नुसतं दुखतं म्हणून दुर्बिणीतून हाडाचं छप्पर तासणं ही दुसरी. इंग्लंडमध्ये आणि फिनलंडमध्ये ह्याची परीक्षा झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काहींचं हाड खरंच तासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली. बरं वाटलं दोघांनाही, जवळजवळ सारखंच! म्हणून २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तज्ज्ञांच्या गटाने अशा दुखण्यासाठी ही तासणी करू नये असा सल्ला दिला. तेव्हा कुणी शस्त्रक्रिया सुचवली तर नम्रपणे विचारा, "शिवायचं आहे की तासायचं?" आणि गरज खरीच असेल तर खर्चाच्या धास्तीने थांबू नका. रेशनकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा आणि तिथल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारून घ्या.

चौथा पर्याय व्यायामाचा, आणि माझा खांदा त्यानेच सुधारला. "रोज फिजिओथेरपीला कोण जाणार? बसचे हेलपाटे, शाळा, स्वयंपाक..." असं माझं चाललं होतं. पण २०२१ साली इंग्लंडमध्येच ७०८ जणांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की एकदा नीट समजावून घेऊन घरी व्यायाम करणारे आणि सहा वेळांपर्यंत तज्ज्ञांकडे जाणारे, वर्षअखेर दोघेही सारखेच सुधारले होते. म्हणजे एकदा तरी जाऊन नीट शिकायचं आणि घरी रोज करायचं.

मला शिकवले ते असे. डाव्या हाताने टेबल धरून वाकायचं, उजवा हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं आणि पोचलेल्या जागी पेन्सिलीने खूण करायची. कोपर अंगाशी धरून मूठ भिंतीवर दाबायची, दहा आकडे मोजायचे. महिन्याभराने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खिडकीच्या गजाला बांधून ओढायची. पट्टी बांधण्याचं काम ह्यांनी केलं, तेवढंच "सांगितलं होतं ना" चं परिमार्जन! नियम एकच: व्यायामाने थोडं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते शमायला हवं. नाही शमलं तर एक पायरी उतरायची. झोळीत हात बांधून आठवडेच्या आठवडे बसू नका, त्याने खांदा आखडतो.

आणि घरकामाचं काय? तिथेच खरी गोम आहे. रोजचे डबे छातीच्या उंचीच्या फळीवर आणा. दोरी खाली बांधा. भरलेली एक बादली नेण्याऐवजी अर्ध्या अर्ध्या दोन न्या, त्याही अंगाशी धरून. कणीक मळायची परात ओट्याऐवजी खालच्या टेबलावर घ्या. झोपताना न दुखणाऱ्या कुशीवर वळा आणि पुढ्यात उशी घेऊन दुखरा हात तिच्यावर ठेवा. माळा? तो घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी! आमच्याकडे आता मुलगा चादरी वाळत टाकतो. थोड्या वाकड्या पडतात, पण वाळतात ना?

हे मागून घ्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. औषध लागू पडायला नव्हे, "मला हे जमत नाही, तू कर" एवढं तोंडातून काढायला. सासूबाईंनाच शेवटी राहवलं नाही. म्हणाल्या, "अगं, मीही तुझ्या वयात असाच खांदा लपवला होता. म्हणून तर अजून देवघरातला दिवा मला वर ठेवता येत नाही." इतकी वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. देवघर आम्ही दुसऱ्याच दिवशी हातभर खाली घेतलं.

जादू काही झाली नाही. सहा आठवड्यांनी झोप सुधारली, तीन महिन्यांनी वेणी घालता येऊ लागली. हात अगदी मागे नेताना अजूनही थोडं ओढतं. भिंतीवर पेन्सिलीच्या खुणांची शिडी झाली आहे, ती रंगकामात पुसू द्यायची नाही असं मुलाने ठरवलं आहे. एप्रिलमध्ये, परीक्षेच्या आदल्या दिवशी, मी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिली. कुणाचंच लक्ष गेलं नाही. मला मात्र खडू खाली ठेववेना.

तेव्हा मैत्रिणींनो, आज हा अंक बाजूला ठेवलात की आरशासमोर उभ्या राहा आणि दोन्ही हात हळूहळू वर करून पाहा. एखादा हात मधेच अडला, तर आजच घरात सांगा. आणि हो, तुमच्या सासूबाईंना, आईलाही करून पाहायला सांगा.