प्रयोगशाळेत पास, बाजारात नापास: अतिसंवाहक फिल्टरचं गणित कुठे चुकलं?

जुलै 2023 मध्ये 'एलके-99'च्या व्हिडिओंनी सोशल मीडिया दणाणून गेला होता. साध्या तापमानाला विजेचा रोध शून्य करणारा पदार्थ सापडल्याचा दक्षिण कोरियातल्या संशोधकांचा दावा काही आठवड्यांतच फोल ठरला. पण जे अतिसंवाहक खरोखर चालतात, ते तरी आपल्यापर्यंत का पोहोचले नाहीत?

'उच्च तापमान' म्हणजे किती?

सुमारे उणे 180 अंश सेल्सिअस! 1911 मध्ये पाऱ्यात अतिसंवाहकता सापडली, तेव्हा उणे 269 अंश आणि महागडा द्रवरूप हेलियम लागत होता. 1987 मध्ये 'वायबीसीओ' आला आणि स्वस्त द्रवरूप नायट्रोजनवर भागू लागलं.

पातळ थर कशासाठी?

मोबाइल टॉवरला लहरींच्या गर्दीतून आपला सिग्नल गाळून घ्यावा लागतो. तांब्याच्या फिल्टरमध्ये त्यातली थोडी ऊर्जा वाया जाते. केसापेक्षा कितीतरी पातळ वायबीसीओ थर वापरला, तर ही गळती खूप कमी होते आणि क्षीण सिग्नलही पकडता येतो. 1990च्या दशकात मुंबईच्या टीआयएफआरमध्ये लेझरने असे थर बनवून, त्यात चांदी मिसळून सूक्ष्मलहरींसाठी अभ्यास झाला.

मग अडलं कुठे?

अमेरिकेत हजारो टॉवरवर असे फिल्टर बसलेही. पण प्रत्येकासोबत शीतयंत्र आलं, त्याची वीज आली, देखभाल आली. तोवर साधे फिल्टरही सुधारले. थोड्या फायद्यासाठी एवढा खर्च कंपन्यांना परवडेना.

आता काय बदललं?

ऑगस्ट 2024 मध्ये टीआयएफआर, डीआरडीओची पुण्यातली प्रयोगशाळा आणि टीसीएस यांच्या 6 क्युबिटच्या क्वांटम प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. तोही अतिसंवाहक, सूक्ष्मलहरींवरच चालणारा. फरक असा, की त्याला उच्च तापमानाचे अतिसंवाहक चालत नाहीत, निरपेक्ष शून्याजवळची थंडी लागते. टॉवरवर थंडी हा जादा खर्च होता. इथे तिच्याशिवाय यंत्रच चालत नाही. केंद्राच्या क्वांटम मिशनला 6,003 कोटी रुपये मंजूर आहेत.

संभाजीनगरचा संबंध काय?

वाळूज, शेंद्रा ओळखले जातात वाहनांच्या सुट्या भागांसाठी. चिप मुंबईत बनली तरी तिच्याभोवती निर्वात पेट्या, अचूक मशिनिंगचे भाग आणि शीतयंत्रं लागतात. टॉवरवरचा फिल्टर हरला तो थरामुळे नाही, थंडीच्या खर्चामुळे. ती थंडी स्वस्त आणि भरवशाची करणं हे कारखान्याचं काम आहे.