दारातली म्हैस

अलिबाग तालुक्यातल्या सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांचं घर आहे. त्याच घरात त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे, आणि तिथे सिमेंटमध्ये केलेली एक म्हैस आहे. मी पनवेलला चित्रकला शिकवतो. वर्गातली पोरं घेऊन तिथे गेलो की कुणी ना कुणी विचारतंच, “सर, एवढ्या मोठ्या माणसाने म्हैस का केली?” या प्रश्नासाठीच मी त्यांना तिथे नेतो.

करमरकर १८९१ साली याच गावात जन्मले. लहानपणी गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. कुलाबा जिल्ह्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड गावात आले असताना त्यांच्या नजरेला ते पडलं आणि त्यांच्या मदतीने मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. पुढे कलकत्ता झालं, लंडन झालं. पुण्यातला महाराजांचा प्रसिद्ध अश्वारूढ पुतळा, १९२८ सालचा, त्यांचाच. एवढं सगळं करून आल्यावरही या माणसाला दारातली म्हैस आणि गावातली माणसं घडवावीशी वाटली. सासवण्याचं घर त्यांनी भरलं आहे ते अशाच ओळखीच्या चेहऱ्यांनी.

ही गोष्ट ऐकून पालक म्हणतात, “नशीब बघा, कलेक्टर भेटला!” मला त्यात दुसरंच दिसतं. कलेक्टर यायच्या आधी भिंतीवर चित्र होतं. कुणी बघेल, कुणी पाठवेल म्हणून तो मुलगा थांबला नव्हता.

पनवेल, कळंबोली, खारघर, नेरे, आपटा, कुठलेही असा, चित्रकार व्हायची इच्छा मनात असेल तर माझं पहिलं सांगणं हेच आहे. एक वही घ्या आणि समोर दिसतं ते रोज काढा. वही भारीची नको. पाठकोऱ्या कागदांची शिवून केलेली चालेल. एक टूबी पेन्सिल, एक सिक्सबी आणि एक बॉलपेन पुरे. बॉलपेन मुद्दाम सांगतो, कारण ते खोडता येत नाही. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी बरोबर रेघ ओढायची सवय लागली की हाताची भीती जाते. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ मुलांचं खोडरबर पेन्सिलीच्या आधी झिजतं.

दुसरं सांगणं थोडं कडक आहे. मोबाइलवरच्या फोटोवरून चित्रं काढणं काही महिने पूर्ण बंद करा. नटाचा फोटो चौकोन आखून हुबेहूब उतरवता येतो, घरचे वाहवा करतात, आणि मुलाला वाटतं आपल्याला चित्र येतं. पण फोटोत अर्धं काम कॅमेऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं. लांब काय, जवळ काय, काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे सगळं ठरलेलं असतं. तुमच्या वाट्याला उरते फक्त नक्कल. खरी वस्तू समोर ठेवली की हे सगळं तुम्हालाच ठरवावं लागतं.

घरातला पाण्याचा पेला घ्या. त्याचं तोंड गोल आहे हे तुम्हाला माहीत असतं, म्हणून हात गोल काढतो. पण टेबलावर ठेवलेल्या पेल्याचं तोंड समोर बसून बघाल तर ते लांबट दिसतं. पेला डोळ्याच्या पातळीला उचला, तोंडाची नुसती आडवी रेघ होते. खाली ठेवा, पुन्हा उघडतं. पेल्याचा तळ तोंडापेक्षा जास्त गोलाकार दिसतो, कारण तो डोळ्यापासून आणखी खाली असतो. हे एकदा स्वतःच्या डोळ्याने पाहिलं की हंडा, कळशी, विहिरीचं तोंड, रिक्षाचं चाक, सगळं सापडायला लागतं. जे माहीत आहे ते बाजूला ठेवून जे दिसतं ते काढायचं. याला वर्षं लागतात. माझीही गेली, आणि अजून जातात.

माणसं काढायची असतील तर एसटी स्टँडवर जा. गाडीची वाट बघणारा माणूस बराच वेळ एका जागी असतो, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो, पिशवीचा हात बदलतो. आधी चेहऱ्याच्या मागे लागू नका. भार कुठल्या पायावर आहे ते पकडा. मासळी बाजारात बसलेल्या मावशींची पाठ, मान आणि कोयत्यावरचा हात यांची एकच सलग रेघ असते, ती शोधा. कुणी विचारलं तर वही उघडून दाखवा. लोक रागावत नाहीत, उलट नाक नीट काढायला सांगतात. मात्र कुणी नको म्हटलं तर वही लगेच मिटायची.

शिरढोणच्या बाजूने कर्नाळ्याचा सुळका बघा. एकाच जागेवर उभं राहून तो चैत्रात काढा, भर आषाढात काढा, भाद्रपदात काढा, मार्गशीर्षात काढा. पावसात डोंगर ढगात जातो आणि कधी नुसता सुळक्याचा अंगठाच वर उरतो. उन्हाळ्यात कातळाच्या भेगा मोजता येतात. चार चित्रं शेजारी ठेवाल तेव्हा रंग म्हणजे हवा कशी असते हे कुणी समजावून सांगायची गरज राहणार नाही.

आपल्या तालुक्यातल्या मुलांवर आणखी एक जबाबदारी आहे असं मी मनापासून मानतो. इथली जमीन आपल्या डोळ्यांदेखत बदलली. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीची वाट वळवली गेली, आणि चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे अशी गावं उठली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. त्या गावांतल्या ओट्या, देवळांसमोरचे पार, खाडीकाठच्या होड्या कुणी बसून काढल्या का? फोटो असतील, तेही हवेतच. पण त्या गावच्या पोराने आपल्या ओटीवर तासभर बसून काढलेलं चित्र ही वेगळी नोंद असते. त्यात त्याला काय महत्त्वाचं वाटलं ते उतरतं. अजून पुष्कळ उरलं आहे. गाढी नदीचा काठ आहे, जुन्या पनवेलीतली कौलारू घरं आहेत, पाड्यांवरची कुडाची घरं आहेत. ती आहेत तोवर काढा. मोबाइलला चार शब्द सांगितले की चित्र तयार होतं, मग आम्ही कशाला शिकायचं, असं हल्ली मुलं विचारतात. तुमच्या आजीच्या ओटीवर तो कधी बसलेला नाही, हेच त्यांना मी सांगतो.

आता पोटाचं बोलू. आई-बाबांना याचीच चिंता असते आणि ती खोटी नाही.

याच जिल्ह्यातलं दुसरं नाव सांगतो. प्रभाकर बरवे, जन्म नागावचा, १९३६ चा. जे. जे.तून शिकून बाहेर पडल्यावर त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली आणि सुमारे वीस वर्षं केली. हातमागाच्या कापडासाठी नक्षी तयार करण्याचं तिथलं काम. त्याच काळात ते भारतातले एक महत्त्वाचे चित्रकार झाले. त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, शंख, फळ अशा साध्याच वस्तू आहेत, आणि घराच्या दारं-खिडक्यांना लावतो तो एनॅमल रंगही त्यांनी वापरला. ते वर्षानुवर्षं डायऱ्या लिहीत. काय पाहिलं, काय सुचलं, चित्र कुठे अडलं, ते लिहून ठेवत. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं पुस्तक मराठीत आहे. वाचनालयात मागा, नसेल तर आणायला लावा.

म्हणून नोकरी लागली की कला संपली असं समजू नका. उलट घरभाडं भागलेलं असलं की चित्र कुणाच्या मर्जीसाठी काढावं लागत नाही. नोकरीतून रोजचा एक तास राखणं मात्र तुमच्या हातात आहे, आणि तो राखताना घरच्यांशी भांडायची वेळ आली तर प्रेमाने भांडा.

वाट साधारण अशी आहे. शाळेत असताना शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा द्या. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी तर त्या आहेतच, पण स्थिरचित्र, स्मरणचित्र, अक्षरलेखन यांची शिस्त त्यातून लागते, ती जास्त मोलाची. बारावीनंतर सीईटी देऊन चार वर्षांच्या बी. एफ. ए.ला जाता येतं. कपड्यांकडे ओढा असेल तर निफ्ट आपल्या खारघरलाच आहे. प्रवेश मिळाला नाही तर वर्ष वाया गेलं असं म्हणू नका. चित्रकार के. एच. आरा मुंबईत घरकाम करून, मोटारी धुऊन जगले, आणि तेच १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांपैकी एक झाले.

गणपतीच्या आधीचे महिने हातात असतील तर पेणच्या एखाद्या मूर्तींच्या कारखान्यात मदतीला राहा. माती मळा, साचे पुसा, पडेल ते काम करा. आणि डोळ्यांची आखणी चालू असेल तिथे गप्प बसून बघा. अख्ख्या कारखान्यात सगळ्यात मुरलेल्या हाताकडे ते काम असतं. श्वास रोखून, एका फटक्यात रेघ येते, आणि मूर्ती बघायला लागते. रेघेबद्दल मी महिनाभर वर्गात जे सांगतो ते तिथे एका दुपारी कळतं.

मुलींच्या पालकांना हात जोडून एक विनंती. लेकीचा हात मेंदी-रांगोळीपुरता ठेवू नका. चित्रकार एम. व्ही. धुरंधरांनी आपली लेक अंबिका हिला त्या काळात जे. जे.त शिकवलं, आणि ती चित्रकार झाली. तुमची मुलगी बाहेर बसून चित्र काढत असेल तर सुरुवातीला तिच्यासोबत जा. शेजारी बसून पेपर वाचा. तुमचं एवढं बसणंही तिला पुरतं.

महिन्यातून एकदा हार्बरच्या गाडीने सीएसएमटीला उतरा. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची कोरीव चित्रं बघा. जे. जे.त शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची ती रचना. मग चालत जहांगीर आर्ट गॅलरीला जा. ती १९५२ पासून उभी आहे आणि आत जायला पैसे पडत नाहीत. तिथे स्वतःचं प्रदर्शन भरवायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, त्याचं दडपण आत्ताच घेऊ नका. बघायला कुणाची परवानगी लागत नाही. बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसलेल्या चित्रकारांशी बोला. कागद कुठला, फ्रेम कुठे करता, विचारा. बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात.

आणि कुणी चित्र मागितलं तर फुकट देऊ नका. आजी-आजोबांना, गुरुजींना द्या, खुशाल द्या. पण ओळखीतला माणूस वाढदिवसाचं पोर्ट्रेट “तुला काय, एका तासाचं काम” म्हणून मागत असेल तर किंमत सांगा, निम्मे पैसे आधी घ्या आणि कबूल केलेल्या दिवशी काम द्या. सुतार, शिंपी, गवंडी असंच करतात आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

या रविवारी सकाळी सातच्या आत वडाळे तलावावर या. ऊन चढेपर्यंत पाणी शांत असतं. कट्ट्यावर बसा आणि समोरच्या काठाची आधी एकच आडवी रेघ ओढा. वरची झाडं जेवढी उंच, तेवढीच ती पाण्यात खाली उतरतात, फक्त कडा थोड्या हलतात आणि रंग किंचित गडद होतो. तास-दीड तासात जेवढं होईल तेवढं करा. पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि जागा लिहा, आणि चित्र फसलं तरी ते पान फाडू नका.