वॉर्डातला गोंगाट आणि पऱ्हाटीची फळी

वडाळ्यात राहणाऱ्याला आवाजाची सवय होते, असे म्हणतात. हार्बरची लोकल, मोनोरेल, ट्रक टर्मिनसकडे जाणारी अवजड वाहने आणि त्यात मेट्रोचे काम. पण सवय होते ती मनाला, शरीराला नाही. झोपेतही मोठ्या आवाजाने नाडी वाढते, रक्तदाब चढतो. हे वर्षानुवर्षे चालले की उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळली गेलीच पाहिजे. पण वॉर्डाच्या आतल्या आवाजाचे काय? ट्रॉलीची खडखड, मॉनिटरचे गजर, नातेवाइकांचे बोलणे हे सारे गुळगुळीत फरशीवर आणि उघड्या छतावर आपटून घुमत राहते. वृद्ध रुग्णाची झोप मोडली की त्याला भ्रम होण्याची शक्यता वाढते, बरे होणेही लांबते.

यावर एक साधा उपाय म्हणजे आवाज शोषणारे छत. काथ्या, ताग, कापूस अशा वनस्पतिज तंतूंच्या सच्छिद्र फळीत ध्वनिलहर शिरते, आतल्या हवेचे तंतूंशी घर्षण होते आणि आवाजाच्या ऊर्जेची उष्णता होते. खोलीची शोषणक्षमता दुप्पट केली की घुमणारा आवाज सुमारे ३ डेसिबलने उतरतो. खर्जातल्या आवाजासाठी जाड फळी किंवा तिच्यामागे पोकळी लागते. मात्र खिडकीतून येणारा हॉर्न ही फळी अडवत नाही, हेही सांगायला हवे.

कच्चा माल दूर नाही. सिंधुदुर्गात काथ्या आहे, विदर्भात वेचणीनंतर चुलीत किंवा बांधावर जळणारी पऱ्हाटी आहे. वडाळ्याशेजारी माटुंग्यात १९२४ पासून असलेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून फळ्या बनवण्याचे तंत्र केव्हाच विकसित केले आहे. नेहमीची घट्ट फळी आवाज फारसा शोषत नाही. त्यासाठी ती हलकी आणि सच्छिद्र बनवावी लागेल.

डॉक्टर म्हणून माझ्या तीन अटी आहेत. पावसाळ्यात फळीला बुरशी लागता कामा नये. ती सहज पेट घेणारी नसावी. आणि तिचे तंतू हवेत उडू नयेत. कापसाच्या धुळीने छाती आवळणारा बिसिनोसिस गिरणगावातल्या कामगारांनी भोगला आहे, तो धडा विसरून चालणार नाही. म्हणून शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभाग तूर्त वगळावेत. सुरुवात ओपीडीच्या प्रतीक्षालयांपासून आणि पालिका शाळांच्या वर्गांपासून करावी, आधी आणि नंतर डेसिबल मोजावेत आणि आकडे जाहीर करावेत.

रुग्णालयाच्या नूतनीकरणाच्या निविदेत फरशीचा रंगसुद्धा लिहिलेला असतो. त्यात शांततेसाठी एक ओळ घालायला काय हरकत आहे?