सातवी तार घेताना
हेवी मेटलसाठी सात तारांची गिटार घ्यायला निघालेल्या पोरांनी रंग आणि टोकदार शिंगं नंतर पाहावीत, आधी टेप मागून घ्यावी. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजून दुप्पट केलं की तारेची लांबी मिळते, आणि सगळा खेळ तिचाच आहे. सहा तारांच्या गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास बोलते. सातवी, म्हणजे खालचा बी, ६२ वर. इतक्या खाली २५.५ इंचांवर बारीक तार ढिली पडते, पिक जोरात मारला की सूर क्षणभर वर चढून मग खाली येतो आणि डिस्टॉर्शनमध्ये त्याचा नुसता चिखल होतो. २६.५ किंवा २७ इंचांवर त्याच तारेला चांगला ताण मिळतो. अर्थात आयबनेझने १९९० मध्ये गिटारवादक स्टीव्ह वायसाठी काढलेली युनिव्हर्स २५.५ इंचांचीच होती, आणि कॉर्न या बँडच्या दोघा गिटारवादकांनी तीच आणखी खाली, ए सुरात उतरवून १९९४ च्या पहिल्या अल्बममधला तो काळाकुट्ट आवाज काढला. म्हणून आखूड गिटार बाद नाही, तिला तार जाड लावावी लागते इतकंच. दुकानात पिकअपचं कौतुक फार ऐकवतात. पण पिकअप पुढे बदलता येतो, लांबी नाही. मान मात्र हातात धरून पाहाच. ती रुंद असल्याने अंगठा मागे मधोमध ठेवावा लागतो, आणि पहिल्या फ्रेटवर जाड तार दाबताना मनगट दुखतं का, हे अँपला न जोडताही कळतं.