झटक्याआधी नाडी

हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडला, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन झाले, की तिथे रक्त साकळते. गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. बोर्दोच्या डॉक्टरांनी 1998 मध्ये दाखवले की या गोंधळाचे मूळ बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी असते. ती जागा जाळायची किंवा गोठवायची, तर शेजारच्या अन्ननलिकेची धास्ती.

आता विजेचे स्पंद आले आहेत. मांडीच्या शिरेतून कॅथेटर वर नेतात. मायक्रोसेकंदांच्या झटक्यांनी पेशींच्या पडद्यांना छिद्रे पडतात. हृदयाचा स्नायू मरतो, अन्ननलिका बहुधा शाबूत राहते. अमेरिकेने डिसेंबर 2023 मध्ये अशा पहिल्या यंत्रणेला मान्यता दिली. अगदी निर्धोक मात्र नाही: पक्षाघाताच्या घटनांनंतर जानेवारी 2025 मध्ये एका कंपनीने आपल्या यंत्रणेचा तिथला वापर काही काळ थांबवला होता.

मुंबईच्या गोराई गावाला याचे काय? उपचारासाठी बोरिवलीला यायचे तर खाडीतली बोट, नाहीतर भाईंदरचा वळसा. शिवाय आपल्याकडे लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने आकसलेली झडपही हा रोग जडवते. तिथे नुसता झटका पुरत नाही.

मनगटावर तीन बोटे आणि ईसीजीची एक पट्टी, निदान एवढ्यावर होते. महापालिकेने गोराईतल्या ज्येष्ठांची नाडीतपासणी गावातच करावी.