आमचे १७५ कुठे टाकले?

२१ जुलै २०२२. द्रौपदी मुर्मू जिंकल्या, देशाच्या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती. आम्हा नंदुरबारकरांचे स्टेटस दिवसभर झळकत होते. मीही ठेवलं. मग वाटलं, यात माझं मत कुठे होतं?

राष्ट्रपती निवडतात खासदार आणि आमदार. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर या आपल्या चार राखीव जागा मिळून ७००. हे वजन आमदाराचं नाही, आपलं आहे. १९७१ ची लोकसंख्या मोजून ठरलेलं.

पण ते कोणाच्या पारड्यात पडलं, हे आपल्याला कळतच नाही. मतदान गुप्त, व्हिपही नाही. राज्यसभेला मात्र हाच आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो. म्हणजे बघायचा हक्क पक्षाला, मतदाराला नाही!

गुप्ततेमुळे आमदार पक्षाच्या दबावातून सुटतो म्हणे. सुटू दे की. पण माझं मत गुप्त, कारण ते माझं एकट्याचं आहे. त्याचं मत माझ्या जिवावर उभं आहे. ते मला दिसलंच पाहिजे.

२०२७ मध्ये पुन्हा निवडणूक आहे. स्टेटस ठेवण्याआधी आमदाराला एवढंच विचारा: आमचे १७५ कुठे टाकले?