हिरव्या पाण्याची परीक्षा

संस्कृतात ‘जीवन’ हा पाण्याचाच एक पर्यायी शब्द आहे. मराठी घरांनी या जीवनाची काळजी पिढ्यानपिढ्या दोन साध्या नियमांनी घेतली : पाणी गाळून घ्यावे आणि शंका आली तर उकळून प्यावे. पटकी आणि विषमज्वर यांच्या काळात या नियमांनी किती संसार सावरले, याची गणती नाही. मात्र आता जलाशयांत अशा एका विषाचा धोका वाढतो आहे, की ज्याच्यापुढे हे दोन्ही उपाय निष्प्रभ ठरतात.

हे विष निर्माण करते ते निळे-हिरवे शेवाळ. शास्त्रीयदृष्ट्या ते ‘सायनोबॅक्टेरिया’ नावाचे सूक्ष्म जिवाणूच होत. सांडपाण्यातून आणि शेतातील खतांतून येणारे फॉस्फरस व नायट्रोजन, साचलेले पाणी आणि उष्ण हवा ही त्यांची मेजवानी. त्यांच्यापैकी काही जाती ‘मायक्रोसिस्टिन’ हे यकृतावर आघात करणारे विष तयार करतात. पाणी उकळले तर जिवाणू मरतो, विष उरते. उलट वाफ निघून गेल्याने त्याची तीव्रता वाढते. मोरचूद टाकून शेवाळ मारावे, तर पेशी फुटतात आणि आतले विष पाण्यात मोकळे होते. जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकाळ पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिनची मर्यादा लिटरमागे एक मायक्रोग्रॅम ठरवली आहे. म्हणजे दहा हजार लिटरच्या शंभर टँकरमध्ये मिळून केवळ एक ग्रॅम!

ही भीती काल्पनिक नव्हे. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात असे दूषित पाणी डायलिसिससाठी वापरले गेले आणि ५० हून अधिक रुग्ण दगावले. २००७ च्या मे महिन्यात चीनमधील ताईहू सरोवर शेवाळाने भरले. वूशी शहरातील सुमारे २० लाख लोकांच्या नळांना दुर्गंधीयुक्त पाणी आले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील टोलेडो या शहराने चार लाखांहून अधिक नागरिकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे बजावले. श्रीमंत देशाचे एक आधुनिक शहर जवळजवळ तीन दिवस बाटलीबंद पाण्यासाठी रांगेत उभे होते.

<b>रंगावरून निवाडा नाही</b>

येथे एक विवेक हवा. प्रत्येक हिरवे पाणी विषारी नसते. एकाच तलावातील शेवाळ या आठवड्यात निरुपद्रवी आणि पुढच्या आठवड्यात घातक असू शकते. डोळ्यांना, नाकाला वा जिभेला तो भेद कळत नाही. निवाडा करू शकते ती केवळ चाचणी. पण प्रचलित चाचण्यांना महागडी यंत्रे आणि प्रशिक्षित हात लागतात. नमुना शहरात जातो, अहवाल सावकाश परततो आणि तोवर गाव तेच पाणी पीत राहते.

ही दरी सांधण्याची शक्यता अब्जांश तंत्रज्ञानाने, म्हणजेच ‘नॅनो’ शास्त्राने निर्माण केली आहे. एका मीटरचा शंभर कोटीवा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. या मापाच्या जगात पदार्थांचे गुणधर्मच पालटतात. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात लाल दिसतात आणि एकमेकांजवळ आले की निळसर होतात. अशा कणांना विष ओळखणाऱ्या प्रतिपिंडांची जोड दिली, की जैवसंवेदक अर्थात बायोसेन्सर तयार होतो. २००९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे प्रा. निकोलस कोटोव्ह आणि चीनमधील जियांगनान विद्यापीठाचे संशोधक यांनी कार्बनच्या अब्जांश-नलिका व प्रतिपिंडे यांचा लेप दिलेला कागद सिद्ध केला. विषाचा रेणू पकडला जाताच नलिका किंचित दूर सरतात आणि कागदाची विद्युतवाहकता बदलते. प्रचलित ‘एलायझा’ चाचणीपेक्षा ही पद्धत किमान २८ पट वेगवान ठरली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की जियांगनान विद्यापीठ त्याच वूशी शहरात आहे. संकट सोसलेल्या शहराने दोन वर्षांत त्यावरील शास्त्राला हातभार लावला!

<b>प्रयोगशाळेतून पाणवठ्यावर</b>

भारताने याच २००७ साली पाच वर्षांसाठी १००० कोटी रुपयांचे ‘नॅनो मिशन’ मंजूर केले. देशात गुणवत्तेची उणीव नाही. आयआयटी मद्रासचे प्रा. टी. प्रदीप यांनी अब्जांश पदार्थांच्या आधारे आर्सेनिक काढणारे ‘अमृत’ तंत्र आर्सेनिकग्रस्त गावांपर्यंत नेले. प्रश्न आहे तो प्राधान्याचा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांवाटे भीमेत व पुढे उजनी धरणात उतरते. पाणी हिरवे पडल्याच्या बातम्या सोलापूर जिल्ह्याला आता नव्या नाहीत. याच धरणावर सोलापूर शहराची तहान अवलंबून आहे आणि याच नदीकाठी पंढरपूर वसले आहे. त्या हिरवेपणात आज विष आहे की नाही, हे काठावरच्या गावकऱ्याला कोणी सांगायचे?

उत्तर हाताशी आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने गावोगावी पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आखली. त्यांच्या पेटीत फ्लोराइड, नायट्रेट, लोह, क्लोरिन यांच्या चाचण्या असतात. शेवाळाच्या विषाची नसते. जलाशयावर अवलंबून असलेल्या गावांच्या पेटीत अशी एक स्वदेशी पट्टी का असू नये?

अडचणी आहेत. प्रयोगशाळेतील स्वच्छ पाण्यात चोख उत्तर देणारा संवेदक गढूळ पाण्यात चुकू शकतो. प्रतिपिंडे आपल्याकडील उन्हाळ्यात टिकत नाहीत. पण हेच तर संशोधनाचे खरे क्षेत्र आहे. शोधनिबंधांची संख्या नव्हे, तर किती पाणवठ्यांवर उपकरण पोहोचले, ही संशोधनाची कसोटी ठरली पाहिजे.

आणि एक भान सुटता कामा नये. संवेदक हा गावाचा जागल्या आहे. तो हाक देईल. दार लावून घेण्याचे काम घरधन्याचेच. महानगरांनी प्रक्रिया न केलेले सांडपाणी नदीत सोडणे थांबवले नाही, तर ही हाक दरवर्षी ऐकू येईल आणि कालांतराने कोणी ती मनावरही घेणार नाही.